पाचातली दोन वाक्यं

माझ्या वडिलांनी माझ्या बायकोच्या पाच वाक्यांतली दोन उचलली आणि आमच्या घरात अबोल्याची वेळ आली.

आम्ही नोएडात राहतो. इथल्या मराठी मंडळाचा फोनवर ग्रुप होता, पण शुभेच्छांच्या फुलांखाली कामाचं काही सापडेना, म्हणून मंडळाने संकेतस्थळावर चर्चेसाठी फोरम उघडला. तिथे बटण दाबलं की दुसऱ्याचं लिहिलेलं आपल्या प्रतिसादात चौकटीत येतं, वर त्याचं नाव लागतं, आणि खाली आपण आपलं मत लिहायचं. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. (म्हणजे ऑफिस तसं म्हणतं. आम्ही अजून त्यांच्या सेक्शनमध्येच आहोत.) फाईलमधला एकही कागद त्यांनी जन्मात काढलेला नाही. त्यामुळे गणपतीच्या मांडवाचा रंग कोणता असावा, या चर्चेत ते आधीचे झाडून सगळे प्रतिसाद चौकटीत चौकट करून घ्यायचे आणि तळाशी लिहायचे, 'सहमत.' त्या एका शब्दापर्यंत पोचताना लोकांचे अंगठे दुखायचे.

शेवटी मंडळाच्या अध्यक्ष सबनीस काकूंचा मला फोन आला. "मंदार, बाबांना जरा समजाव ना. बिल्कुल वाचवत नाही यार." (दिल्लीत इतकी वर्षं काढली की काकूसुद्धा यार म्हणतात.)

मी आयटीत आहे. कोणाला काही शिकवायची संधी मी सोडत नाही.

"बाबा, सगळं नाही घ्यायचं. मुद्द्याचं तेवढं ठेवायचं, बाकी उडवायचं."

"मुद्द्याचं कोणतं ते ठरवणार कोण?"

"तुम्हीच."

हे मी बोललो. एका सेक्शन ऑफिसरला.

त्याच आठवड्यात फोरमवर मोदकांची चर्चा निघाली. दरवर्षी सबंध मंडळाचे उकडीचे मोदक माझी बायको रश्मी करते. तिला कोणी विचारत नाही, नुसतं कौतुक करतात, आणि कौतुकाला नाही म्हणणं महाकठीण. यंदा तिच्या ऑफिसात ऑडिट होतं. चार वेळा लिहून, चार वेळा पुसून तिने एकदाचं लिहिलं: "मोदक घरचेच चांगले, हे मला मान्य आहे. मला ते करायला आवडतात. पण यंदा ऑफिसमुळे जमणार नाही. खरं सांगायचं तर मी दमले आहे. या वेळी बाहेरून मागवू या."

संध्याकाळी तिचा मेट्रोतून फोन. "मंदार, सबनीस काकू माझे आभार का मानतायत?"

मी फोरम उघडला. बाबांच्या प्रतिसादात सुटसुटीत, देखणी चौकट होती. 'रश्मी यांनी लिहिले: मोदक घरचेच चांगले, हे मला मान्य आहे. मला ते करायला आवडतात.' खाली, 'सहमत.' त्याखाली लोकांच्या दुजोऱ्याच्या +१ ची रांग. रश्मीचा मूळ प्रतिसाद मागच्या पानावर गेला होता, आणि मागचं पान उलटून बघायची सवय अख्ख्या मंडळात फक्त बाबांना आहे.

"बाबा, पुढची तीन वाक्यं कुठे गेली?"

"अडचणी रेकॉर्डवर आणायच्या नसतात. तोंडी सांगायच्या," बाबा शांतपणे म्हणाले. "सून दमली म्हणून लिहिते. लोक काय म्हणतील? घरात कोणी मदत करत नाही?"

"पण आपण करत नाहीच."

"म्हणूनच वगळलं."

आता सूत्रं मी हातात घेतली. रश्मीचा प्रतिसाद पूर्णच्या पूर्ण चौकटीत घेतला आणि तावातावाने लिहिलं, "बाबांनी सोयीची वाक्यं उचलली आहेत. त्यांना यातलं काही कळत नाही. आम्ही या प्रकाराला कंटाळलो आहोत." प्रतिसाद पाठवला आणि अभिमानाने चहा टाकला.

चहाला उकळी येण्याआधी रश्मीचा पुन्हा फोन. या वेळी आवाज अगदी बारीक होता, आणि रश्मीचा आवाज बारीक झाला की मला घाम फुटतो. "तू काय लिहिलंस ते बघ. नाही, मी काय लिहिलंय ते बघ."

मी चौकटीच्या खाली लिहायचं ते चौकटीच्या आत लिहिलं होतं. वर ठळक अक्षरांत 'रश्मी यांनी लिहिले', आणि शेवटी सासऱ्यांना काही कळत नाही! मी घाईघाईने दुरुस्ती केली, पण तोवर चौघांनी ती चौकट आपापल्या प्रतिसादात घेतली होती. ज्यांनी जन्मात कोणाचं पूर्ण वाचलं नाही, त्यांनी हे शब्दन्‌शब्द उचललं होतं. काकूंनी खाली लिहिलं, "रश्मी, वडीलधाऱ्यांबद्दल चारचौघांत असं बरं नव्हे."

रात्री जेवायला बाबा आमटीकडे बघून म्हणाले, "मला काही कळत नाही. वाढायचं ते वाढा."

रश्मीने माझ्याकडे बघितलं. मग ताट सरकवून ती उठली. जाताना म्हणाली, "मोदक मला नाही जमणार, एवढंच सांगायचं होतं मला. एवढंच." तिचे डोळे भरले होते. मला माझीच लाज वाटली.

मी तिथेच फोन काढला आणि नव्याने लिहिलं. चौकट नाही, काही नाही. "ती वाक्यं माझी आहेत, रश्मीची नाहीत. तिला यात ओढू नका. कोणाला घरचेच हवे असतील तर मोदक मी करतो. पण मी आजवर भातसुद्धा लावलेला नाही, तेव्हा बाहेरूनच मागवावेत हे उत्तम."

सकाळी उठून बघतो तर बाबांचा प्रतिसाद. चौकटीत, 'मंदार यांनी लिहिले: मोदक मी करतो.' खाली, 'सहमत.' त्याखाली +१ ची रांग, आणि त्यात रश्मीचा पहिला.

"बाबा, हे मात्र तुम्ही छान घेतलंत," ती चहा देताना म्हणाली. दोघं इतकी मनमोकळी हसली की मला तक्रार करायला जागा उरली नाही.

मोदक मी केले. गणपती झाल्यावर सबनीस काकूंनी फोरमवर अभिप्राय लिहिला: "सारण अप्रतिम. बाकी ते मोदक होते, हे सांगितल्यावर कळलं." मी त्यातलं 'सारण अप्रतिम' एवढंच चौकटीत घेतलं आणि खाली लिहिलं, 'मनःपूर्वक आभार.' सारण रश्मीने केलं होतं.