जमा : काही नाही

पहाटे चार वाजून बावन्न मिनिटांनी फुगेवाल्यांनी दाराशेजारच्या तांब्याच्या पत्र्यावर उजवा तळहात टेकवला, मनात पाच आकडे मोजले आणि ते शेडमध्ये शिरले. अंगातली वीज जमिनीत उतरावी म्हणून तो पत्रा. बाहेर धुकं होतं. आत लांबरुंद लाकडी टेबलावर, धुतलेल्या सुती चादरीवर, एक पांढरा फुगा सुरकुतून निजला होता. त्यांनी त्याच्या मानेत पितळी नळी बसवली आणि व्हॉल्व्ह पाव फेरा उघडला. हायड्रोजनला रंग नसतो, वास नसतो. नळीतून नुसता सुस्कारा येतो, कुणी झोपेत कूस बदलावी तसा.

हवामान खात्यात ते सत्तावीस वर्षं हेच करतात. रोज पहाटे एक फुगा भरायचा, त्याला पॅराशूट आणि चहाच्या पेल्याएवढा एक डबा बांधायचा आणि पाच वाजून पंधरा मिनिटांनी सोडून द्यायचा. वर जाताजाता डबा रेडिओवरून तापमान, दमटपणा, वारा कळवत राहतो. वरची हवा विरळ, म्हणून फुगा फुगतच जातो आणि तीसेक किलोमीटरवर फुटतो. कागदावर त्यांच्या पदाचं नाव दीड ओळीचं आहे. गल्लीत, दवाखान्यात आणि सासुरवाडीत ते फुगेवाले. बायको चिडली की म्हणते, "बागेतले फुगेवाले बरे. ते निदान फुगा सोडून देत नाहीत, विकतात."

शेडच्या दाराबाहेर फळीवर एक पत्र्याचा डबा असतो आणि दोरीला बांधलेली नोंदवही. आत जाणाऱ्यानं खिशातलं आगीचं सामान डब्यात टाकायचं आणि वहीत लिहायचं: नाव, वेळ, जमा. आत ठिणगी पडली तर लिहायला कुणी उरणार नाही. फुगेवाले या बाबतीत सख्ख्या भावालाही सोडणार नाहीत अशी त्यांची ख्याती. एकदा मुख्य कचेरीतून आलेले मोठे साहेब खिशात लायटर ठेवून आत निघाले, तर यांनी दारात आडवा हात धरला. साहेब म्हणाले, "मी कोण आहे माहीत आहे का?" हे म्हणाले, "आतल्या गॅसला माहीत नाही." साहेबांनी निमूट लायटर काढून दिला.

त्यांच्या स्वतःच्या नावापुढे सव्वीस वर्षं रोज एकच मजकूर होता: सिगारेटचं पाकीट एक, काडेपेटी एक.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांना शर्टाचं बटण लावता आलं नाही. आधी वाटलं हात अवघडून झोपलो. मग रोजच तसं व्हायला लागलं. बोटांची पेरं सुजत, मनगटं गरम लागत, आणि उठल्यावर तासभर हात आपले नसून कुणीतरी ठेवायला दिलेत असं वाटे. तपासण्या झाल्या, नाव कळलं: ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस. संधिवाताचाच हट्टी प्रकार, ज्यात शरीर आपल्याच सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर उठतं. आठवड्यातून एकदा घ्यायची पिवळी गोळी सुरू झाली. गोळीनं बरं वाटलं, पण पुरतं नाही.

पहाटेचा तो तास मात्र त्यांना मनातून आवडायचा. साडेतीनला उठून गरम पाण्याच्या पातेल्यात हात सोडून ते स्वयंपाकघरात बसत. पाण्याखाली बोटं फिकी, लांब, संथ दिसत, खोल पाण्यातल्या झाडांसारखी. डोळा लागून जाई. स्वप्नात ते स्वतःच हळूहळू वर जात असत, खाली घरांचे दिवे बारीक होत, आणि कुणीतरी गळ्याशी गाठ मारायचं विसरलेलं असे. मग चवथ्या प्रहराची पहिली सिगारेट. त्यांचा पक्का समज होता की धुरानं बोटं सुटतात. सिगारेट संपेपर्यंत मूठ मिटायला लागे, हे त्यांनी रोज पाहिलेलं होतं.

अडचण एवढीच की ती पेटवता येत नसे. लायटरचं चाक अंगठ्याला फिरत नव्हतं, काडी चिमटीत धरवत नव्हती. म्हणून बायको उठे, डोळे अर्धे मिटलेलेच, ओट्यावरची काडेपेटी घेई, काडी ओढे, त्यांच्या तोंडातली सिगारेट पेटवी आणि पुन्हा जाऊन पडे. पाच वर्षं. दोघांनीही त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

तो शब्द निघाला दवाखान्यात. नवे डॉक्टर तिशीतले होते आणि प्रश्न सावकाश विचारत. छातीचा फोटो दिव्यासमोर धरून त्यांनी बराच वेळ पाहिला.

"दिवसाला किती?"

"बारा. कधी पंधरा."

"पहिली कधी?"

"पहाटे. चारला."

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला आणि त्यांचा हात हातात घेऊन बोटं दाबून पाहिली. "पहाटे चारला ही बोटं मिटत नाहीत. मग पेटवता कशी?"

फुगेवाल्यांनी छताकडे पाहिलं. बायको शेजारच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "मी पेटवते."

डॉक्टर यांच्याकडेच वळले. "सांधे दुखतात म्हणून तुम्ही सांध्यांकडे बघता. या आजारात माणूस सांध्यांनी जात नाही. हृदयानं जातो, फुप्फुसांनी जातो. ती दोन्ही आधीच धोक्यात, त्यात तुमचा धूर. शिवाय धूर असला की गोळीही म्हणावी तशी लागू पडत नाही."

"आणि सोडली तर? तीस वर्षांचं जे आत बसलंय ते काय निघून जाणारे?"

"सगळं नाही. पण या आजाराच्या माणसांना वर्षानुवर्षं पाहून जे हाती आलंय ते असं, की ओढत राहिलेले जास्त दगावतात. सोडलेल्यांचा धोका कमी होतो, आणि जेवढी वर्षं धुराशिवाय जातात तेवढा आणखी उतरत जातो. एका रात्रीत नाही. वर्ष वर्ष करून."

"हळूहळू उतरतो म्हणजे."

"हळूहळू. पण उतरायला लागायला आधी सोडावी लागते."

घरी येताना बायको जिन्यात थांबली. "तुमच्या घरच्यांनी आयुष्यभर माझ्यावर आळ घेतला, ही काड्या करते म्हणून. मी म्हणायची, कुठली काडी? आज कळलं कुठली."

"अगं, तू कशाला मनाला लावून घेतेस?"

"मग कुणी घ्यायचं? तुम्ही? तुम्ही तर फुगून बसाल."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं काडेपेटी त्यांच्यापुढे टेबलावर ठेवली. "ओढा. तुमची तुम्ही."

त्यांनी ओढून पाहिली. काडी पडली. दुसरी पडली. ती ओट्याला टेकून उभी होती, हाताची घडी घालून, मदतीला येत नव्हती आणि जातही नव्हती. फुगेवाले उठले, काडेपेटी शर्टाच्या आतल्या खिशात कोंबली आणि चपला अडकवून बाहेर पडले. रस्त्यावरच्या दिव्याखाली आणखी चार काड्या मोडल्या. पाकिटातली सिगारेट तोंडात तशीच कोरडी राहिली. धुक्यात दिव्याभोवती पिवळं कडं पडलं होतं, आणि त्या कड्याच्या मधोमध, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, त्यांना रडू येईल की काय असं वाटलं. आलं नाही. ते रागानं ताडताड चालत कामावर गेले.

दारात त्यांनी सवयीनं बाहेरच्या खिशात हात घातला. पाकीट निघालं, कामावरची काडेपेटी निघाली. दोन्ही डब्यात टाकलं, वहीत लिहिलं, पत्र्याला तळहात लावला, आत गेले.

फुगा भरत आला. तो आधी चादरीवर फुगतो, मग उठून बसल्यासारखा होतो, मग उभा राहतो आणि नळीला लावलेलं वजन अलगद उचलतो. वजन उचललं की पुरे. त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला, सुती दोरा घेतला आणि मान बांधायला वाकले.

छातीशी खुळखुळ झाली.

क्षणभर त्यांना ओळखच पटली नाही. मग पटली, आणि पाचावर धारण बसली. माणसापेक्षा उंच, पांढरा, गॅसनं गच्च भरलेला फुगा त्यांच्या गालाला टेकला होता, आणि दोघांच्या मध्ये शर्टाच्या एका कापडाआड काडेपेटी होती.

शेजारच्या खोलीत रिसीव्हरवर बसणाऱ्या ऑपरेटर मुलीनं खिडकीतून हाक दिली, "काका, पाच-बारा झाले!"

"थांब जरा."

"थांबू कशी? डबा केव्हाचा बोलतोय माझ्याशी. तुम्हीच गप्प!"

ते श्वास रोखून दोरा गुंडाळत राहिले. तीन वेढे, मान दुमडायची, पुन्हा तीन वेढे, गाठ. बोटं त्यांचं ऐकत नव्हती. प्रत्येक वेढ्याला खुळखुळ होई, बारीक, जवळजवळ लाडिक. ही बोटं त्या खिशात गेली असती तर ती वस्तू बाहेर राहिली असती, आणि ती वस्तू नसती तर कदाचित बोटंही एवढी वाईट नसती, हे त्यांना त्या पांढऱ्या अंधुक उजेडात अगदी स्वच्छ दिसलं, झोपेत गणित सुटावं तसं. गाठ बसली. मोठा दरवाजा सरकवून ते फुगा धरून बाहेर आले, मोकळ्या जागेत गेले आणि हात सोडले. फुगा धुक्यात शिरला. दोन क्षण नुसता डबा हेलकावताना दिसला, मग तोही नाही.

पाच वाजून एकोणीस मिनिटं. चार मिनिटं उशीर.

"काय झालं काका?" ऑपरेटर दारात आली.

"गाठ बसत नव्हती."

"तुमची? तुम्ही तर झोपेत गाठ मारता."

तिला रिसीव्हरकडे पिटाळून ते पायरीवर बसले. डब्यात सिगारेट होती, खिशात काड्या होत्या, बोटं आता सुटली होती. घड्याळात पाहिलं: उठल्यापासून पावणेदोन तास झाले होते. सिगारेट नव्हती तरी बोटं सुटली होती. त्यांनी मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मग काडेपेटी काढून आतल्या काड्या मोजल्या आणि नोंदवहीत नव्या ओळीवर लिहिलं: स्वतःचं नाव, वेळ, आणि पुढे, "आत नेली: काडेपेटी एक, काड्या एकवीस."

दहा वाजता केंद्राचे साहेब आले, वही वाचली आणि त्यांना बोलावून घेतलं.

"हे लिहिलं नसतं तर मला कळलंही नसतं."

"मला कळलं होतं."

"नियम तुम्हालाच पाठ आहे. पंधरा दिवस तुम्हाला शेड बंद."

"हो."

"आणि परत आल्यावर खिसे तपासून आत. रोज. ती पोरगी तपासेल." साहेब थोडे घुटमळले. "ज्याच्याकडे जमा करायला काही नाही, त्याची झडती मी सांगणार नाही."

ते पंधरा दिवस त्यांनी टेबलावर बसून जुने आकडे वहीत उतरवले. पहाटे मात्र जाग येई. गच्चीवर उभं राहून ते दुसऱ्यानं सोडलेला फुगा पाहत. पांढरा ठिपका, मग ठिपक्याची शंका, मग नुसतं आकाश. या पंधरा दिवसांतच त्यांनी सिगारेट सोडली. डॉक्टरांनी तलफेवर चघळायच्या गोळ्या दिल्या. बायकोनं त्यांच्या सगळ्या शर्टांचे खिसे शिवून टाकले.

"अगं, चष्मा कुठे ठेवू मी?"

"नाकावर."

नवव्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणीतरी पेटवून हातात दिली आणि त्यांनी ती शेवटपर्यंत ओढली. घरी येऊन सांगितलं. बायको भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "पुन्हा एकपासून मोजा," म्हणाली. त्यांनी मोजलं.

फुगेवाले मुळात नोंदी ठेवणारा माणूस. त्यांनी एक छोटी वही केली आणि रोज पहाटे मूठ पूर्ण मिटायला किती मिनिटं लागतात ते लिहू लागले. पहिल्या आठवड्यात पंचावन्न, साठ. धुरानं बोटं सुटतात हा पाच वर्षांचा समज त्या आठवड्यातच गळून पडला. बोटं सुटायची ती वेळानं आणि गरम पाण्यानं. धूर नुसता सोबतीला बसलेला असायचा आणि श्रेय घ्यायचा. हल्ली आकडा चाळीसच्या आसपास असतो. डॉक्टर म्हणतात, यात पिवळ्या गोळीचाही वाटा आहे, उगाच हवेत जाऊ नका. खोकला आहे. छातीच्या फोटोत जे होतं ते आहे. बायको अजून पहाटे उठते, सवयीनं, आणि काही काम नसल्यामुळे समोर बसून राहते. दोघं पातेल्यातल्या वाफेकडे बघत बसतात. कधी ती पाण्यात आपलीही बोटं बुडवते.

"स्वप्न पडलं का आज?"

"पडलं."

"कुठवर गेलात?"

"गेलोच नाही. गाठ मारत बसलो होतो."

आज फुगा पाच वाजून पंधरा मिनिटांनी सुटला. धुक्यात शिरताना त्याच्या रबरावर उजेडाची एक फिकी पट्टी उमटली आणि विझली. ऑपरेटरनं खिडकीतून अंगठा दाखवला. फुगेवाले शेडच्या पायरीवर बसले, हात मांडीवर उताणे ठेवून, आणि वर पाहत राहिले, जिथे पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. टपरीवरच्या त्या सिगारेटनंतरचा हा दोनशे बारावा दिवस. डॉक्टरांच्या हिशेबातलं पहिलं वर्ष पुरं व्हायला एकशे त्रेपन्न बाकी.

उद्याचा फुगा पाच-पंधराला आहे. शेड चार-पन्नासला उघडेल. दाराशी नोंदवहीच्या पानावर उद्याची तारीख ऑपरेटरनं आजच घालून ठेवली आहे, पहिल्या ओळीत फुगेवाल्यांचं नाव आहे, आणि "जमा" या रकान्यात ते स्वतः येऊन लिहितील: काही नाही.