पाच गाठींचा दोरा

दाजीमास्तरांबरोबर रस्त्याने चालणे ही शिक्षा होती. कल्याणहून निघालेला माणूस अडीच-तीन तासांत शिळेला पोहोचतो. मास्तरांबरोबर निघालेला पोहोचेलच असे नाही. वाटेतला प्रत्येक बऱ्यापैकी दगड ते दोन्ही हातांनी उचलत, खाली वाकून न्याहाळत, आणि मग होता तसा, त्याच कुशीवर, परत ठेवत. एकदा वैतागून मी एक दगड पायानेच उलटा लोटला. ते मागे फिरले, तो सरळ केला आणि म्हणाले, "बापू, खाली कुणाचं तरी घर असतं. डोकावलं तर निदान दार लावून जावं."

ते कल्याणच्या मराठी शाळेत चौथीला शिकवत. मी मामलेदार कचेरीत कारकून; त्यांच्या शेजारच्या बिऱ्हाडात राहणारा, वयाने बारा वर्षांनी लहान. गावाने त्यांचे नाव पालमास्तर ठेवले होते आणि ते त्यांना माहीत होते. पाली, सरडे, सापसुरळ्या पकडून ते बाटल्यांत दारूत घालून ठेवत, म्हणजे त्या कुजत नाहीत. ही दारू मोहाची. भर दिवसा, डोक्यावर पगडी घालून, सरकारी गुत्त्यावरून हातात बाटली घेऊन येणारा ब्राह्मण कल्याणात दुसरा नव्हता. लोक काय समजायचे ते समजले. वहिनींना हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली. त्या बाटल्यांच्या फळीवर धुतलेले धोतर पडद्यासारखे टाकून ठेवत.

मास्तरांजवळ एक इंग्रजी पुस्तक होते. परत विलायतेला जाताना कुण्या साहेबाने ते शाळेला दिले होते. कोणती पाल कोणत्या मुलखात मिळते, हे त्यात लिहिलेले होते. त्यात जाड शेपटीची, तांबूस अंगावर पिवळट पट्टे असलेली एक पाल होती. ती रत्नागिरीच्या खाली दक्षिणेस मिळते, वर मिळत नाही, असे पुस्तक सांगे. आणि मास्तरांनी ती शीळ गावामागच्या ओहोळात पाहिली होती.

"म्हणजे पुस्तकात चूक आहे," मी म्हणालो.

"चूक नाही रे, कमी आहे. लिहिणाऱ्याला शीळ माहीत नव्हती, एवढंच. एक ओळ वाढवायची. माझं नावसुद्धा नको. नुसतं 'शीळ, जिल्हा ठाणे' एवढं छापून आलं की मी सुटलो."

मुंबईला असे प्राणी जमवून ठेवणारा एक साहेब होता. त्याला मास्तरांनी पत्र लिहिले. उत्तर आले, पाहिल्याचे सांगू नका, प्राणी पाठवा. मास्तरांना राग आला नाही. उलट ते उत्तर त्यांना इतके पटले की तेव्हापासून ते उठल्याबसल्या म्हणत, "दिसली ती आपल्यापुरती, सापडली ती सगळ्यांची."

ती सापडायला त्यांना तीन वर्षे लागली. त्या दिवशी मी बरोबर होतो. ओहोळाच्या काठी बायजा नावाची एक आगरी बाई गवत कापत होती. मास्तरांनी दगड उचललेला पाहून तिने विळा खाली टाकला. तिच्या गावात लहानमोठ्या सगळ्यांना अरेतुरेच करतात.

"ए मास्तर, हात नको लावू तिला. इखारी हाय ती. चावली तं पानी बी मांगणार नाय."

"बाय, वीस वर्षं पोरांना शिकवतोय," मास्तर म्हणाले. "मला काय आणखी वीख चढायचंय?"

बोलता बोलता त्यांनी ती पकडली. बाटलीत सोडण्यापूर्वी मात्र त्यांनी तिला हात जोडले. "माफ कर हो," म्हणाले, "पण तुझ्या गावाचं नाव लागेल." मग दगड जागेवर ठेवला.

मास्तर प्रत्येक प्राण्याच्या पायाला एक दोरा बांधत आणि त्याला गाठी मारत. एक गाठ कळव्याची, दोन मुंब्र्याच्या, असे करत पाच गाठी शिळेच्या. हे मला तोंडपाठ होते. गाठीच का, चिठ्ठी का नाही, हे मात्र मी कधी विचारले नाही. विचारले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

मला कचेरीच्या कामासाठी मुंबईला जायचे होते. आदल्या दिवशी दुपारी मास्तरांनी मोठी बरणी माझ्या स्वाधीन केली. आत अकरा प्राणी, त्यात ती पाल. सोबत साहेबाला लिहिलेले बंद पत्र. घरी आणून मी बरणीकडे पाहिले, तर ते काळपटलेले, लिबलिबीत दोरे. माझ्या मनात आले, काम शाळामास्तराचे आणि निशाण्या धोब्याच्या! साहेबापुढे हे ध्यान ठेवायचे? माझ्या अक्षराची तारीफ खुद्द मामलेदार करत. मी एकेक प्राणी बाहेर काढला, गाठी मोजल्या, दोरा कापून टाकला आणि त्या जागी जाड कागदाची चिठ्ठी बांधली. घरची काजळाची शाई, नवा बोरू. 'शीळ, जिल्हा ठाणे' हे तर मी इतके घोटून लिहिले की ते पाहून मास्तर काय म्हणतील, या विचाराने मलाच हसू आले. दोरे बंबात घातले. बरणी पेटीत बंद केली आणि दुसऱ्या दिवशी साहेबाच्या शिपायाच्या हाती दिली.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. आपण दोऱ्यांच्या गाठींविषयी लिहिता, बरणीत दोरे नाहीत. कोऱ्या चिठ्ठ्या आहेत आणि दारू काळी झाली आहे. अशी पाल दक्षिणेतून कोणाकडूनही मागवता येते. स्थळाचा पुरावा नसलेले प्राणी टाकून दिले आहेत. यापुढे काही पाठवू नये.

मास्तरांनी ते मला मराठीतून वाचून दाखवले, सावकाश, वर्गात धडा वाचावा तसे. मग चष्मा काढून विचारले, "दोरे होते ना, बापू?"

मी सगळे सांगितले. त्यांनी उत्तराची घडी घातली. मग म्हणाले, "शाई दारूत टिकत नाही रे. गाठ टिकते." आणि चष्मा परत लावत, "अक्षर चांगलं आलं होतं का?"

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. मी अजून तो प्रश्न ऐकतो. त्यांनी साहेबाला खुलासा लिहिला, दोनदा लिहिला, उत्तर नाही. लबाड ठरल्याचे दुःख ते बोलून दाखवत नसत, पण ते पुस्तक त्यांनी पुन्हा उघडले नाही.

पुढची सात वर्षे दर रविवारी ते शिळेला जात. मीही जाई, नाही म्हणायला मला तोंड नव्हते. पाल मिळाली नाही. चौथ्या वर्षी ओहोळाच्या खालच्या अंगाला खडीसाठी दगडाची खाण सुरू झाली. दर महिन्याला ती थोडी वर सरके. मास्तर उडवलेल्या दगडांपाशी उभे राहत आणि म्हणत, "हे कोण परत ठेवणार?" मग त्यांना दम्याने धरले आणि चालणे बंद झाले.

त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात मी एकटा गेलो. खाणीच्या अगदी वरच्या काठाला, तिसऱ्या की चौथ्या दगडाखाली ती होती. मी झडप घातली. मूठ उघडली तर आत शेपटी तेवढी वळवळत होती. ती रुमालात बांधून मी धावत सुटलो.

मास्तरांनी शेपटी तळहातावर घेतली. त्यांचे डोळे भरून आले.

"तीच," ते म्हणाले. "कुठे?"

"शिळेला. ओहोळाच्या वर."

"दगड परत ठेवलास?"

मी ठेवला नव्हता. मी हो म्हणालो.

"पाठवू या मास्तर, साहेबाला."

"शेपटीवरून जात ठरत नाही, बापू. मी साहेब असतो तर मीही मानली नसती." त्यांनी वहिनींकडे दोरा मागितला. बोटे चालेनात, म्हणून गाठी मी मारल्या, त्यांनी मोजल्या. "आता तुलाही दिसली. दिसली ती आपल्यापुरती."

आठव्या दिवशी ते गेले. शेपटीची बाटली माझ्याकडे आहे. तिच्याने काही सिद्ध होत नाही.

तेरावा झाल्यावर मी शिळेला गेलो, तो दगड ठेवायला. मधल्या दिवसांत तिथे सुरुंग लागला होता. ओहोळ नव्हता. खाली उतारभर दगडच दगड पडले होते. संध्याकाळपर्यंत मी एकेक उलटा करून पाहिला, पण त्यातला माझा कोणता, ते काही ओळखता आले नाही.