मागच्याला घाई नाही

"घाई कुणाला आहे? मागच्याला तर नाहीच."

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, हे वाक्य दिवसातून इतक्यांदा म्हणत की घरातल्या कुणाला ते ऐकूही येईनासं झालं होतं. भाऊजी शववाहिनी चालवत. मागचा म्हणजे कोण, ते निराळं सांगायला नको. पण दवाखान्यातली रांग सरकत नसली, दूध उतू जात असलं, पाहुण्यांची बस सुटायला आली असली, तरी भाऊजींचं आपलं तेच, आणि तेही शर्टाची बटणं वरून खाली एकेक लावत. गल्लीतली माणसं त्यांना 'सावकाश' म्हणत. तोंडावरही म्हणत. त्यांना राग येत नसे. राग यायलाही थोडी घाई लागते.

त्यांचं काम मी जवळून पाहिलं आहे. गावाकडून शहरात आलो की मी त्यांच्या शेडमध्ये जाऊन बसायचो. लांबलचक काळी गाडी. तिच्या काचा ते आधी ओल्या फडक्यानं पुसत, मग कोरड्या, मग स्वतःच्या बाहीनं. मागच्या दाराच्या बिजागरीला रोज तेल देत, कारण ते दार कुरकुरलेलं त्यांना खपत नसे. रस्त्यावर निघाले की नांगर जसा जमीन धरून चालतो तशी ती गाडी चाले. ब्रेक असा दाबत की शवपेटीवर ठेवलेलं फूल जागचं हलत नसे. मागे नातेवाइकांच्या गाड्यांची रांग लागे आणि तिच्यातली एकही पुढे येत नसे. रस्त्याकडेची माणसं थांबत, कुणी टोपी काढे, कुणी हात छातीशी नेई. भाऊजी मान जराशी लववून तो आदर मागच्याच्या वतीनं घेत.

गाडीतला मधला आरसा मात्र त्यांनी पहिल्याच वर्षी छताकडे वळवून टाकला होता. मागे पेटी असे, पेटीशेजारी रडणारं माणूस असे. "ते आपण बघायचं नसतं," एवढंच म्हणत. हळूहळू ती सवय हाडात शिरली. घरच्या लहान गाडीतसुद्धा त्यांचा आरसा छताकडेच बघत असायचा.

एका दुपारी ताई दोरीवर कपडे वाळत घालता घालता मटकन खाली बसली आणि तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. रुग्णवाहिकेला वेळ लागेल असं फोनवर कळलं, तेव्हा भाऊजींनी तिला घरच्या गाडीत मागच्या सीटवर आडवं केलं आणि निघाले. रस्ता मोकळा होता. गाडी नीट होती. उभा जन्म स्टिअरिंगमागे काढलेला माणूस. त्यांनी ॲक्सिलरेटरवरच्या पायाला सांगितलं, दाब. पाय दाबेना. गाडी आपली त्याच चालीनं निघाली, काठावरून वाहणाऱ्या पाण्यासारखी, आणि शेजारून सायकलवाले पुढे जात राहिले. हे मला दुसऱ्या कुणी नाही, त्यांनीच सांगितलं, शेडच्या पायरीवर बसून, हातात तेलाचा डबा तसाच धरून.

ताई वाचली. उजवा हात गेला आणि बोलणं जड झालं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर हात वाचला असता. जाता जाता असंही म्हणाले की असा झटका पुन्हा येऊ शकतो.

त्या दिवसापासून भाऊजी एकाच गोष्टीला भीत होते. पुन्हा झटका आला, तर हा पाय दाबला जाईल का?

मग एके दिवशी जेवताना त्यांनी शांतपणे जाहीर केलं की आपल्याला शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवायला शिकायचं आहे. मी त्या वेळी तिथेच होतो. भाचीच्या हातातला पाण्याचा जग हवेतच राहिला. माझा घास तोंडात आणि तोंड उघडं. विहिरीनं उठून डोंगर चढायचं ठरवलं असतं तरी आम्हाला एवढा धक्का बसला नसता.

सगळ्यात आधी सावरली ती भाची. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून तिची जीभ चांगली घासून निघालेली. म्हणाली, "बाबा, तिथे मागून गाड्या येतात हो. रडत नाही येत, पुढे जायला येतात."

ताई अर्ध्या तोंडानं हसली. भाऊजी हसले नाहीत.

शेवटी भाचीनंच शोधाशोध केली. साध्या माणसांनी आपली गाडी घेऊन शर्यतीच्या ट्रॅकवर एक दिवस चालवायची, याला ट्रॅक डे म्हणतात हे मला तिच्याकडून कळलं. आणि त्यातही नाना तऱ्हा. एका ठिकाणी सकाळी दोन गोष्टी सांगून सरळ ट्रॅकवर सोडून देत, पुढचं ज्याचं त्यानं बघायचं. दुसऱ्या ठिकाणी लालभडक भाड्याची गाडी, थोडे फेरे, गळ्यात पदक आणि फोटो. भाचीला ते आवडलं होतं, कारण तिच्या मते तिथे बाबा लवकर कंटाळून घरी आले असते. भाऊजी म्हणाले, तुझी आई आडवी होईल तेव्हा दारात लाल गाडी असणार आहे का? शिकायचं ते आपल्याच गाडीत.

ते एकेका ठिकाणी फोन करत आणि एकच प्रश्न विचारत, की पाय दाबायला शिकवता का. पलीकडची माणसं बुचकळ्यात पडत. कुणी गाडीची ताकद विचारी, कुणी हसून फोन ठेवी. एका जागी मात्र बाईचा आवाज आला. ती म्हणाली, आमच्याकडे नवख्यांना पटकन वेग देत नाहीत. सकाळी वर्ग, मग मोकळ्या पटांगणात ब्रेक लावण्याचा सराव, मग ट्रॅक, तोही शेजारी शिकवणारं माणूस बसवून, आणि नवख्यांचा गट वेगळा. पण आधी सांगा, तुम्हाला हे का शिकायचंय?

भाऊजींनी तिला तारीख विचारून घेतली. शिकायचं कारण काही सांगितलं नाही. पण बाकीच्यांनी गाडीबद्दल विचारलं, हिनं माझ्याबद्दल विचारलं, असं म्हणून त्यांनी तीच जागा ठरवली. ट्रॅकवर जाण्याआधी गॅरेजवाल्याकडून ब्रेक आणि टायर तपासून घ्या, असंही तिनंच बजावलं होतं. गॅरेजवाल्याला ट्रॅकचं कळलं तेव्हा त्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि आधी गाडीकडे, मग भाऊजींकडे बघत राहिला.

त्या दिवशी मी आणि ताई बरोबर गेलो. ताईला घरी ठेवायचं भाऊजींनी सुचवून बघितलं, पण तिनं काठी आपटली.

ती फोनवरची बाई बुटकी, केस आखूड कापलेली, ऊन खाऊन तांबूस झालेली. सगळ्यांना काका, दादा म्हणत होती. वर्गात तिनं झेंडे समजावले. निळा झेंडा दिसला की मागे कुणीतरी वेगानं येतंय, आरशात बघा, हात बाहेर काढून त्याला पुढे जायची खूण करा. भाऊजींनी मान हलवली. गाडीत बसताना तिनं छताकडे वळलेला आरसा सरळ केला. मी आणि ताई मागेच उभे होतो, म्हणून मला दिसलं. तिनं पट्टा लावायला मान वळवली तेवढ्यात भाऊजींच्या हातानं तो आरसा पुन्हा वर केला. हातानंच केला. भाऊजींना त्याचा पत्ताही नव्हता.

आम्ही उंच बाकांवर जाऊन बसलो. खाली काळाभोर रस्ता, नदीसारखा वळणं घेत गेलेला, पण नदीला असते तशी सावली कुठेच नाही. भाऊजी त्याच्यावर उतरले आणि पहिल्याच फेऱ्यात आम्हाला कळलं की काय होणार. ती चाल मी झोपेतही ओळखली असती. त्यांच्या मागे एक गाडी आली, मग आणखी एक, मग लांब रांगच लागली. वेगासाठी आलेली ती रंगीबेरंगी वाहनं भाऊजींच्या मागे मुकाट चालली होती. शिकवणारीचे हात आत वर-खाली होताना दिसत होते. वळणावरच्या माणसानं निळा झेंडा उचलला आणि जोरजोरात हलवला.

भाऊजींनी त्याला मान लववली.

पुढच्या वळणावर पुन्हा झेंडा. पुन्हा मान लववली, तितक्याच अदबीनं. ताईनं डाव्या हातानं डोळे झाकले.

बाईनं गाडी आत घ्यायला लावली. आम्ही खाली पोचलो तेव्हा ती विचारत होती, काका, तुम्ही रोज काय चालवता? भाऊजींनी सांगितलं. आणि मग, न विचारता, त्या दुपारचंही सांगितलं. बाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग तिनं त्यांना शेजारच्या सीटवर बसवलं, स्वतः स्टिअरिंगमागे बसली आणि म्हणाली, "तुमचीच गाडी आहे. फक्त बघा."

ती गेली. त्या गाडीतून असा आवाज निघू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. लांब सरळ रस्त्यावरून ती आमच्यासमोरून अशी गेली की ताईनं माझा दंड धरला. वळणाआधी नाक खाली करून थांबल्यासारखी झाली आणि पुन्हा उसळली. परत आली तेव्हा भाऊजी दार उघडून उतरले आणि तिथेच रचून ठेवलेल्या जुन्या टायरांवर बसले. चेहरा चुन्यासारखा. बाईला वाटलं मळमळतंय, म्हणून ती पाणी आणायला धावली. पण ते तसलं नव्हतं. ते गाडीकडे बघत होते, जसा माणूस आपल्याच घरात न उघडलेली खोली सापडल्यावर बघेल.

"हे माझ्याच गाडीत होतं," ते म्हणाले. "त्या दिवशीही होतं."

त्यांनी हेल्मेट जमिनीवर ठेवलं आणि चला घरी म्हणाले. मी काही समजूत घालायला जाणार, तोच ताईनं काठीनं मला बाजूला सारलं. बोलायला तिला कष्ट पडत, म्हणून ती हल्ली फार थोडं बोले. एकेक शब्द उचलून ठेवावा तसं ती बोलली.

"अहो, हात गेला, त्याचं काही नाही. मी मागे पडले होते. सगळं कळत होतं. तुम्ही एकदाही मागे बघितलं नाहीत. त्याच चालीनं निघालात. मला वाटलं, मी गेलेच. तुम्ही मला पोचवायला निघालात."

आजूबाजूला इंजिनं घुमत होती. भाऊजींनी तिच्याकडे बघितलं. या दोघांचं भांडण मी पाहिलं आहे, रुसवे पाहिले आहेत, पण असं बघणं कधी पाहिलं नव्हतं. इतके महिने पायाची भीती बाळगलेला माणूस, आणि ही मागे जिवंत पडून स्वतःचा अखेरचा प्रवास मोजत होती. मीही टायरांवर टेकलो.

"पायाचं बघू मागाहून," ताई म्हणाली. "आधी तो आरसा खाली करा."

भाऊजी उठले. गाडीत बसले. आरसा खाली केला, पण तेवढ्यानं भागेना. जरा डावीकडे, जरा वर, पुन्हा डावीकडे, असं करत राहिले. शेवटी ताईला म्हणाले, "अगं, मागच्या सीटवर बस बघू जरा." ती काठी टेकत आत जाऊन बसली. तिचा पूर्ण चेहरा दिसेपर्यंत त्यांनी आरसा हलवला, आणि मग तिला उतरायला सांगितलं. बाई पाण्याची बाटली घेऊन परत आली होती. ती बाजूला उभी राहून हे बघत होती.

दुपारच्या शेवटच्या पाळीत ते पुन्हा ट्रॅकवर उतरले. पहिला फेरा जुनाच. दुसऱ्यात निळा झेंडा हलला तेव्हा मान लवली नाही, हात खिडकीबाहेर आला. एक गाडी पुढे गेली, मग दुसरी, मग सगळी रांग त्यांना ओलांडून गेली, आणि जन्मात पहिल्यांदा भाऊजींच्या मागे कुणीच उरलं नाही. पुढे सरळ रस्ता होता. आम्ही दोघं कान लावून होतो. आधी काहीच नाही. मग तो आवाज आला, आमच्याच गाडीचा, चढत चढत गेला. वळणाआधी ब्रेक असा लागला की पेटीवर फूल असतं तर पुढच्या काचेवर जाऊन आपटलं असतं. बाकीच्यांच्या मानानं ते काही फार वेगात नव्हते. शेजारच्या बाकावरच्या माणसानं तर तिकडे बघितलंही नाही. ताई मात्र उभी राहिली होती, काठीशिवाय.

परत आल्यावर भाऊजी स्टिअरिंगला धरूनच बसले होते. बाईनं खिडकीतून विचारलं, काका, बरं वाटतंय ना? ते म्हणाले, बरं म्हणवत नाही. दाबला गेला, एवढं खरं. स्वतःच्या उजव्या पायाकडे ते असे बघत होते की जणू तो कुणाचा तरी उसना आणलेला आहे.

घरी निघायच्या वेळी मी ताईसाठी पुढचं दार उघडलं. तिनं मान हलवली आणि मागे जाऊन बसली. भाऊजींच्या हातात भाड्याचं हेल्मेट तसंच राहिलं होतं. ते परत द्यायची खोली पार पलीकडच्या टोकाला. त्यांनी हेल्मेट काखेत धरलं, शर्टाचं वरचं बटण लावलं, मग त्याच्या खालचं लावायला घेतलं. सवयीनं म्हणाले, आलोच, घाई कुणाला आहे.

ताईनं काच खाली केली.

"अहो," ती म्हणाली, "मागच्याला आहे."

भाऊजींचा हात बटणावरच थांबला. मग ते निघाले. तीच चाल, पाऊल ठेवल्याचा आवाज होऊ न देणारी. हेल्मेट छातीशी धरलं होतं. बिगीबिगी आवरणारी तरुण पोरं का कोण जाणे बाजूला होऊन त्यांना वाट देत होती. अर्ध्या वाटेत ते थांबले आणि वळून त्यांनी गाडीकडे बघितलं. आम्ही आहोत ना, एवढंच बघितलं, आणि पुन्हा चालू लागले. ती बुटकी बाई दारात उभी राहून बघत होती, मी बघत होतो, आणि मागच्या सीटवरून, खाली केलेल्या काचेतून डोकं बाहेर काढून, ताई बघत होती.