बुटुकचा वाटा

या सदरात लिहिणारे सगळेच आधी सांगतात, की त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. वाचून मला हसू यायचं... आता माझ्यावरच ती पाळी आली आहे. तर — माझाही नव्हता. मी शिक्षिका आहे. लिंबातून ‘रक्त’ कसं काढतात ते मुलांना दरवर्षी करून दाखवते, आणि त्यामागची युक्तीही सांगते. पण या एका गोष्टीतली युक्ती मला अजून सापडलेली नाही.

२००२ साली मी शिक्षणसेविका म्हणून लागले. गाव नागभीड तालुक्यातलं, बहुतेक घरं ढिवरांची. तलावात मासे धरायचे, पावसाळ्यात धानाच्या रोवणीला जायचं. शाळा थेट तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, टेकलेली. वर्गाच्या खिडकीतून नुसतं पाणी दिसायचं, आणि मुलांचं लक्ष माझ्यापेक्षा त्या पाण्याकडेच असायचं.

माझ्या आईला नेमकं हेच नको होतं. आम्ही बल्लारपूरचे. मी आठ वर्षांची असताना माझा धाकटा भाऊ वर्धा नदीत बुडाला. सापडला नाही. त्याचं शाळेतलं नाव वेगळं होतं, घरात मात्र आम्ही त्याला बुटुक म्हणायचो. तो गेल्यावर हे नाव घरात कोणी उच्चारलंच नाही. बाबा त्याच दुःखात गेले. आईने मासळी सोडली, आणि नदीच्या वाटेने जाणंही सोडलं.

माझ्या गावाला तलाव आहे हे कळल्यावर ती म्हणाली, “एक लेकरू पान्यानं नेलं. आता तूबी काठावरच राह्यतं का? मी तं तिथी पाय ठेवणार नाई. उन्हाळ्यात राजीनामा देऊन ये.”

नव्यानेच लागलेली मी, बदली कोण देतंय? आणि घरात कमावणारी मी एकटीच. पण दर रविवारी बूथवरून फोन केला की तिचा पहिला प्रश्न तोच असायचा — “पान्याजवळ गेली होती का?” तिची झोप उडाली होती. शेवटी मी ठरवलं, परीक्षा संपल्या की सोडायची नोकरी.

वाईट याचं वाटत होतं, की तोवर मी तिथे रुळले होते. जयाबाईच्या घरी खोली घेतली होती. सुरुवातीला माझ्यासमोर तोंड न उघडणारी पोरं आता मला जाळं विणायला शिकवत होती आणि माझ्या गाठी बघून खदखदून हसत होती. “म्याडमच्या जाळ्यातून तं म्हैसबी निंगून जाईल!”

एप्रिलमध्ये तलावाचं पाणी उतरलं आणि गावाने मिळून मासे धरले. सकाळची शाळा सुटल्यावर मीही पाळीवर गेले. तिथली वाटणी मी पहिल्यांदाच बघत होते. पळसाच्या पानांवर माशांचे वाटे मांडतात. एक जाणता माणूस वाट्यांकडे पाठ करून बसतो. दुसरा काठी टेकवून विचारतो, “हा कोनाचा?” पाठमोरा माणूस तोंडाला येईल त्या घराचं नाव घेतो. एकदा नाव निघालं की वाटा त्याचा, मग बदल नाही. म्हणून भांडणं होत नाहीत.

पाठ करून बसले होते लटारीभाऊ, गावातले सगळ्यांत वडीलधारे. काठी चुडारामकडे होती, वाटेही त्यानेच मोजून मांडले होते. माझं एकटीचं ‘घर’ धरायचं की नाही यावर थोडी चर्चा झाली. जयाबाईने धरायलाच लावलं. “म्याडमचा” असं नाव आलं, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं... आणि राजीनाम्याची आठवण होऊन लाजही वाटली.

सगळी नावं झाली. एक वाटा उरला.

“मोजाले चुकला काय रे चुडाराम?” कोणीतरी ओरडलं. चुडारामने हसत काठी टेकवली. “हा कोनाचा?”

लटारीभाऊ सहज म्हणाले, “बुटुकचा.”

मला आधी रागच आला. कोणी चेष्टा करतंय असं वाटलं. पण करणार कोण? बाकीचेही एकमेकांकडे बघत होते. “बुटुक कोन जी भाऊ?”

लटारीभाऊ वळले. तेच गोंधळले होते. “मले का माहीत? तोंडात आला नाव.”

मी कशीबशी म्हणाले, “माझा भाऊ आहे.”

“कुठी राह्यते?” जयाबाईने विचारलं.

“नाही तो आता.”

लटारीभाऊ उठले, त्यांनी पान दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे दिलं. “नाव निंगाला म्हनजे वाटा त्याचा. तो नसंल तं त्याच्या मायले नेऊन द्या.”

जयाबाईने ते मासे टिकावेत म्हणून निखाऱ्यावर भाजून त्याच पानात बांधून दिले. नागभीडहून पॅसेंजरने बल्लारपूरला जाताना पिशवी मांडीवर होती, आणि मला आईची धास्ती वाटत होती. इतक्या वर्षांनी मी तिच्या घरात मासे नेत होते, तेही त्याच्या नावाचे.

मी सगळं सांगितलं. ती रडेल, चिडेल, पिशवी फेकून देईल असं वाटलं होतं. तिने पान उघडलं, एकेक मासा ताटात ठेवला. मग म्हणाली, “ताट वाढलं का मले रोज वाटे, त्याले कोन देत असंल? वाट्यात धरलं त्याले लोकायनं. म्हनजे उपाशी नाई माहं लेकरू.”

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. तिने त्या माशांचा रस्सा केला. दोघी जेवलो.

राजीनामा मी दिला नाही. जूनमध्ये आई माझ्याबरोबर गावात राहायला आली.

मी खूप विचार केला आहे. वाटा जास्त कसा झाला, त्याचं उत्तर सोपं आहे — चुडाराम चुकला. पण नाव? झोपेत मी बरळले असेन म्हणावं, तर जयाबाईने शपथेवर नाही म्हणून सांगितलं. लटारीभाऊंशी तर माझं त्याआधी नमस्कारापलीकडे बोलणंच नव्हतं. मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. ते बिचारे दरवेळी तितकेच ओशाळायचे. उत्तर मिळालं नाही, आता मिळेल असंही वाटत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वाटणीला आई माझ्याशेजारी उभी होती. नावं पुकारली गेली, काठी शेवटच्या पानावर आली, आणि वाटे बरोबर पुरले. एकही उरला नाही, बुटुकचं नाव आलं नाही. मी घाबरून आईकडे बघितलं. तिने आमच्या घराचा वाटा उचलला, पदरात धरला आणि जयाबाईशी बोलत घराकडे चालू लागली. मागे वळून वळून मीच बघत होते.