यादीतला व्हिडिओ गेम

माझं लग्न ठरवायच्या बैठकीत जी यादी झाली तिच्यात अंगठी होती, घड्याळ होतं, भांडीकुंडी होती आणि सगळ्यात शेवटी एक हातात धरायचा व्हिडिओ गेम होता. तो चेअरमननं खाकरून घालायला लावला. चेअरमन म्हणजे नवरदेवाचा मामा, साखर कारखान्याचा. भाच्याला त्यानं कारखान्याच्या शेतकी खात्यात चिकटवलं होतं. दोन वर्षं पाऊस नव्हता, शिवारात उसाचं कांडं शोधून सापडत नव्हतं, पण भाचा रोज कारखान्याची जीप घेऊन ऊस बघायला निघायचा. कुठं बघायचा ते त्यालाच ठाऊक.

हा गेम म्हणजे काय, हे बैठकीतल्या वीस-पंचवीस फेटे-टोप्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं, आणि एकानंही तसं म्हटलं नाही. मी दाराआडून ऐकत होते. आमच्याकडचे एक वडीलधारे म्हणाले, एक देऊ, जोडी जमायची नाही. तिकडच्या एकानं विचारलं, मानाची वस्तू आहे तर चांदीची असायला नको का. त्यावर खल झाला, पानं खाऊन झाली, पुन्हा खल झाला. अखेर चेअरमननंच निकाल दिला की पोरगा म्हणतो तसला, नवा, फॉरेनचा, मग तो कशाचा का असेना. माझे वडील, अण्णा, मान डोलवत राहिले. दुष्काळात कारखान्याचं स्थळ दारात चालून आलेलं आणि माझ्या पाठीवर दोन बहिणी. मला कुणी विचारलं नाही. विचारतील अशी माझी समजूतही नव्हती.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. हा उतावळाच होता, पण नवरीसाठी नव्हे. तीन महिन्यांत त्याची पाच पत्रं अण्णांच्या नावानं आली. पाचही पत्रांत गेमची चौकशी. पडदा केवढा, खेळ एक की दोन, आवाज बंद करता येतो का. मी त्याच्यासमोर पोह्यांची बशी ठेवली होती, त्याला त्या पोह्यांचीसुद्धा आठवण नव्हती. मी ती पत्रं अण्णांना वाचून दाखवायचे. वाचताना मला लाज वाटायची, आणि ती माझी नव्हे, त्याची.

गावाची तऱ्हा याहून बरी नव्हती. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला स्वतःच्या कचेरीतला पंखा चालू करायला दुसरा माणूस लागायचा. तो पारावर बसून सांगायचा की त्या यंत्रात दिल्ली दिसते. मग लोक अण्णांकडं येऊ लागले. एकानं तर विचारलं, त्यातून तहसीलदाराला बोलून टँकरची एक खेप वाढवून मिळेल का. अण्णा म्हणाले, येऊ तर द्या. आमची म्हैस तोवर येरमाळ्याच्या बाजारात गेली होती, आणि त्या पैशावर मुंबईचा माझा मामा गेमसाठी बोटीवरच्या कुठल्या तरी माणसाच्या मागं हिंडत होता.

गेम आला एकदाचा. एसटीच्या कंडक्टरनं पिशवीतून आणून दिला. तंबाखूच्या डबीएवढी वस्तू. पडद्यावर वर एक माकड, ते नारळ टाकतं. खाली टोपली घेतलेला माणूस, त्याला दोन बटणांनी इकडून तिकडं पळवायचं. तीन नारळ भुईवर पडले की खेळ संपला. बघायला आलेली माणसं आळीपाळीनं डोळ्याजवळ धरून बघत होती आणि पुढच्याच्या हातात देत होती. सेक्रेटरी म्हणाला की दिल्लीसाठी वेगळी तार जोडावी लागत असेल.

पुढचे पंधरा दिवस घरातलं आवरलं की मी तो खेळले. मला तो आवडलाही, खोटं कशाला बोलू. पण त्याच्यापायी एखाद्यानं सोयरीक करावी असं त्यात काय होतं, ते मला कळलं नाही.

मग नवरदेव तो बघायला आला. मला नव्हे, गेमला. चैत्रातली दुपार होती, आणि त्या दिवशी आमच्या गावाच्या टँकरची पाळी होती. पाळी तिसऱ्या दिवशी यायची. आमची गल्ली संपते तिथं विहीर, टँकर त्या विहिरीत रिकामा व्हायचा, आणि मग बाया शेंदायला लागायच्या. यानं जीप नेमकी गल्लीच्या तोंडाशी आडवी लावली, किल्ली खिशात घातली आणि आमच्या ओसरीवर बाजेवर बसून खेळायला लागला. मी चहा आणून ठेवला. त्यानं मान वर केली नाही. चहावर साय धरली. माकडाचे नारळ पडत होते आणि मी केलेल्या आकड्याच्या निम्म्यावरही त्याला पोचता येत नव्हतं. याच्या घरात आपल्याला जन्म काढायचा आहे, हे तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं.

टँकर आला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, परत दिला. विहिरीवर घागरींची रांग लागलेली. अण्णा त्याच्याजवळ जाऊन अदबीनं म्हणाले की जीप जरा मागं घेता का. तो म्हणाला, "एक मिनिट, मामा. रेकॉर्ड होतोय."

त्याचं मिनिट सरेना. ड्रायव्हर उतरून ओसरीपर्यंत आला, अजून दोन गावं करायचीत म्हणाला. यानं बोट वर करून त्याला थांबवलं. गल्लीतली चार माणसं जीप ढकलायला लागली, तेव्हा मात्र याला कंठ फुटला. कारखान्याची गाडी आहे, हात लावायचा नाही, असा पडद्यावरची नजर न काढता दम दिला. आणि त्या चौघांनी हात काढले. चार धडधाकट बाप्ये, घरी बायकोवर ओरडणारे. चेअरमनच्या भाच्याची जीप म्हटल्यावर चौघंही भिंतीला लागून उभे राहिले. ड्रायव्हरनं आणखी थोडी वाट बघितली, शिवी हासडली, टँकर मागं घेतला आणि पुढच्या गावाला निघून गेला. धूळ खाली बसेपर्यंत बाया तशाच उभ्या होत्या. शेजारच्या म्हातारीनं घागर उपडी करून काखेत मारली आणि घरात गेली.

इकडं याचा तिसरा नारळ पडला. "गेलं," तो चरफडत म्हणाला. "हॉर्न वाजवून घालवलं भाड्यानं."

मी अण्णांकडं बघितलं. मला वाटलं, हे आता ओशाळं हसतील आणि मला दुसरा चहा टाकायला सांगतील. चेअरमनशी वाकडं घेतलं तर उद्या पाऊस पडून ऊस उभा राहिला तरी तोडणीची टोळी आमच्या बांधावर चढणार नव्हती, हे मला कळत होतं तर त्यांना का कळत नसेल. अण्णा बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसले. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"पाव्हणं, ह्ये यादीतलं तुमी घिऊन जावा," ते म्हणाले. "पोरगी ऱ्हाऊ द्या."

त्याला लवकर उमगलं नाही. "आणि लग्न?"

"न्हाय करायचं."

मी खांबाला धरून उभी होते. आता हा गेम भिरकावून देईल, चेअरमनचं नाव घेऊन धमकी देईल, निदान उठून तरी उभा राहील, असं मला वाटत होतं. त्याला अपमान वाटावा अशी माझी इच्छा होती. तेवढी तरी अपेक्षा मी त्याच्याकडून ठेवली होती.

त्यानं गेम उलटासुलटा करून बघितला, सदऱ्याला पुसला.

"मामा," तो म्हणाला, "याचा खोका कुठंय?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी आत गेले, फडताळातून खोका काढला आणि तो माझ्याच हातानं त्याला नेऊन दिला.