चिकटपट्टीवर एनटीएफएस

सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. एका सरकारी कार्यालयाचा पहिला मजला, सुनावणीची खोली. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. साहेबांच्या टेबलावर कॉम्प्युटर, त्याला आमची हार्ड डिस्क जोडलेली. डोळखांबच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे, तिथली कमळाबाई पडद्याकडे बघत उभी. लिपिकाने डिस्क उघडली आणि मान वर न करता म्हणाला, "यात काहीच नाही!"

पुढचं सांगतो, पण आधी मागचं ऐका. पंचवीस वर्षं बातमीदारी केली की पुढाऱ्यांचे किस्से साठतात, असं लोकांना वाटतं. शहापूर-मुरबाडच्या आमच्या टोळक्यात साठलेत ते डिस्कचे! आणि त्यातल्या निम्म्यांत मूर्ख मी आहे.

*

शहापुरात नीलेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. डिस्क फॉरमॅट करायला दिली की तो चहा विचारावा तसं विचारतो, "फाइल सिस्टिम कुठली टाकू? फॅट थर्टीटू, एनटीएफएस, का एक्सफॅट?" डिस्कवर फाइली कशा मांडून ठेवायच्या, त्याच्या या पद्धती.

एकदा एक निवृत्त गुरुजी बसले होते. चष्मा पुसून त्यांनी विचारलं, "यातला पहिला नंबर कोणाचा?"

"गुरुजी, पास तिघंही आहेत. पेपर वेगवेगळे!"

मी कायमचा फॅट थर्टीटूवाला. जुना टीव्ही, छापखान्यातला म्हातारा कॉम्प्युटर, सगळीकडे चालतं. नीलेश कुरकुरायचा, "काका, एवढ्या मोठ्या डिस्कला विंडोजच्या यादीत ते येतच नाय. मला मुद्दाम दुसरं सॉफ्टवेअर लावायला लागतं."

"मग लाव!"

*

दत्ता मुरबाडचा. लग्नाचं शूटिंग करतो, आमच्या बातम्यांचंही करतो. त्याच्याकडे मॅक. एकदा त्याने माझी डिस्क मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट केली आणि वैशाखऱ्याच्या खचलेल्या रस्त्याचं शूटिंग भरून दिली. मी ती माझ्या कॉम्प्युटरला लावली. पडद्यावर प्रश्न: वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

मी माउस 'हो'वर नेला आणि फोनवर दत्ताचा उद्धार सुरू केला. "रिकामी डिस्क देतोस? लाज वाटत नाही?"

तो पलीकडून ओरडला, "भाऊ, हात काढा आधी! डिस्क भरलेली हाय, तुमचा कॉम्प्युटर अडाणी हाय!"

त्या दिवसापासून नीलेशने नियमच केला. फॉरमॅट केलेल्या प्रत्येक डिस्कच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर मार्करने फाइल सिस्टिमचं नाव.

*

मग पाड्याचं प्रकरण आलं. पाड्यामागच्या डोंगरात खडीची खाण काढायची होती. ग्रामसभेच्या इतिवृत्तात छान अक्षरात लिहिलं होतं, "सर्वानुमते मंजूर." सभेत दत्ताचा कॅमेरा पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग चालू होता. मंजुरीसाठी हात वर करा म्हटल्यावर एकही हात वर गेला नव्हता. कमळाबाई उठून बोलली होती, "आमचा झरा त्याच डोंगरात हाय. आमी नाय देनार." सुनावणीत पुरावा म्हणून द्यायचं ते सगळं एका फाइलीत होतं. अकरा जीबी.

ती घ्यायला मी, दत्ता आणि कमळाबाई नीलेशच्या दुकानात गेलो आणि मी माझी डिस्क पुढे केली. कॉम्प्युटर म्हणाला, फाइल फार मोठी आहे. निम्म्याहून जास्त डिस्क रिकामी होती! फॅट थर्टीटूमध्ये चार जीबीवरची एक फाइल बसतच नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

कमळाबाई हसली. "एवढा हंडा रिकामा, न् तांब्याभर पानी मावत नाय? कसला हंडा रे तुजा, भाऊ!"

दत्ता म्हणाला, "तुकडे करून बसवतो."

"तोडू नको. तोडलंस का बोलतील, मधलं खाल्लं."

बाईंचं बरोबर होतं. मग एक्सफॅट? नीलेश म्हणाला, "कार्यालयातला कॉम्प्युटर जुना असला तर वाचनार नाय, आणि कोनीतरी फॉरमॅटचं 'हो' दाबेल. एनटीएफएस टाकू." पाचशे जीबीची नवी डिस्क आणली, फाइल बसली, पट्टी लागली.

*

डिस्क जमा करताना लिपिक नुसती पोच द्यायला निघाला होता. कमळाबाई टेबलाला धरून उभी राहिली. "आधी लावून बघा. मंग सही."

"बाई, आमच्यावर विश्वास नाही?"

"हाय ना. म्हनून तर तुमच्याच डोळ्यांनी बघा बोलते."

त्याने चालवली. खोलीत तिचा आवाज घुमला, "आमी नाय देनार." पोचेवर लिहून घेतलं: व्हिडिओ फाइल एक, अकरा जीबी, चालवून पाहिली. सही, शिक्का. डिस्क लोखंडी कपाटात गेली. किल्ली एकच, साहेबांकडे.

आठवड्याने दत्ताचा फोन. "भाऊ, लग्नं सुरू झाली. कॅमेऱ्याचं कार्ड पुसू का? तुमच्याकडं कॉपी हाय ना?"

नव्हती. माझी डिस्क रिकामी करून पुन्हा फॉरमॅट करायचं मी रोज उद्यावर ढकलत होतो. पण मी म्हणालो, "पूस. सरकारी कपाटात आहे. त्याहून सुरक्षित काय असणार?"

हे मी म्हणालो! जन्मभर सरकारी कपाटांवर बातम्या लिहिणारा मी!

*

तर सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. "यात काहीच नाही!"

साहेब म्हणाले, "रिकामी डिस्क आणून सरकारचा वेळ घेता?"

कमळाबाईचा आवाज चढला. "साहेब, तुमच्याच मानसानं चालवली. माजं बोलनं ऐकलं त्यानं. विचारा त्याला!"

लिपिक पडद्याकडेच बघत म्हणाला, "जुन्या मशीनवर जातं कधीकधी आपोआप."

मी म्हटलं, "डिस्कवर राइट क्लिक करा. प्रॉपर्टीज उघडा."

"त्याची काय गरज?" साहेब.

"रिकामीच आहे ना? मग उघडायला भीती कसली!"

त्याने उघडलं. मी ती ओळ मोठ्याने वाचली आणि सुनावणीच्या नोंदीत घ्यायला लावली. फाइल सिस्टिम: फॅट थर्टीटू.

कमळाबाईला ते नाव ठाऊक होतं. "म्हंजे तो हंडा?" तिने विचारलं. "त्यात तर मावतच नव्हतं ना रे भाऊ? मंग यांनी ऐकलं कुटून?" आणि तिने पोच उलगडून टेबलावर ठेवली.

मी डिस्क उलटी केली. पाठीवर पांढरी पट्टी तशीच होती. नीलेशचं अक्षर. एनटीएफएस.

कपाटाचं कुलूप शाबूत आहे. किल्ली अजून एकच आहे. मुद्दाम दुसरं सॉफ्टवेअर लावून डिस्क कोणी फॉरमॅट केली, हे आम्ही तीनदा लेखी विचारलं. तिन्ही अर्जांची पोच मिळाली आहे.