किशनरावांचा घास

औशात बसस्टँडच्या मागं किशनरावांचं बी-बियाण्याचं दुकान आहे. पण लोक त्यांना ओळखतात ते सोयरिकी जुळवणारे म्हणून. औसा, लातूर, निलंगा, तिकडं थेट उमरी-देगलूरपर्यंत त्यांनी जुळवलेली जोडपी पसरलेली आहेत, आणि त्यातलं एकही, निदान त्यांच्या सांगण्याप्रमाणे, भांडत नाही.

त्यांची पद्धत साधी होती. मुलाकडच्यांना घेऊन मुलीच्या घरी जायचं, मधल्या खुर्चीवर बसायचं आणि खायचं. पोह्यांची पहिली प्लेट गप्पांतच संपायची. दुसरी मागितली की मुलीच्या बापाचा जीव भांड्यात पडायचा. तिसरीला आतल्या बायका साखरेचा डबा काढून ठेवायच्या. किशनरावांनी तिसऱ्यांदा पोहे घेतले म्हणजे सुपारी फुटल्यातच जमा.

एवढ्या पोह्यांनी शेवटी किशनरावांच्या गुडघ्यांवर डूख धरला. दुकानाच्या पायऱ्या चढताना ते मधल्या पायरीवर थांबून गिऱ्हाइकाची विचारपूस करायचे. लोकांना वाटायचं, माणूस किती आपुलकीचा! लातूरच्या हाडाच्या डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं, "आधी वजन उतरवा, मग गुडघ्यांचं बघू."

किशनरावांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिळून प्यायले, तर त्यानं भूक वाढली. संध्याकाळी चालायला निघाले, तर वाटेत भज्यांचा गाडा. शेवटी हैदराबादला जाऊन त्यांनी जठराला पट्टी बसवून घेतली. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. जठराच्या वरच्या भागाला रबरासारखी एक पट्टी आवळली आणि पोटाच्या कातडीखाली एक बटन बसवलं. त्यात सुईनं पाणी भरलं की पट्टी आवळते, काढलं की सैल होते.

"म्हंजे सायकलीची ट्यूबच की," त्यांच्या पत्नी सिंधुबाई म्हणाल्या.

किशनरावांनी त्यांना शपथ घातली. "गावात कुनाला सांगू नको. खान्यात ज्याचं नाव, त्यानं पोट बांधून घेतलं म्हनल्यावर काय इज्जत ऱ्हाईल माझी?"

गावात सांगितलं, मुतखडा काढला.

सुरुवातीला नुसतं पातळ. मुगाचं पाणी, ताक, पुन्हा मुगाचं पाणी. मग डॉक्टरांनी बारीक केलेलं खायला परवानगी दिली, आणि सिंधुबाईंनी हाताला येईल ते मिक्सरमध्ये फिरवायला सुरुवात केली. एकदा त्यांनी करड्या रंगाची एक वाटी समोर ठेवली.

"हे काय हाय?"

"ओळखा."

किशनरावांनी चमचाभर घेऊन डोळे मिटले. ओळखेना. ते पिठलं आणि ज्वारीची भाकरी होती, सोबत ठेचासुद्धा. जन्मभर रोज खाल्लेलं अन्न आपल्याला परकं झालं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

त्यानंतर खरं जेवण सुरू झालं, पण तेही नातवाच्या उष्टावणाच्या वाटीत. घास नखाएवढा घ्यायचा. त्याचं पार पीठ होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी प्यायचं नाही. घाई केली की घास छातीत अडकायचा, वर येईना, खाली जाईना, आणि तोंडाला नळ सोडल्यासारखी लाळ सुटायची. चार घासांत पोट भरायचं. मन मात्र पंगतीत बसून राहायचं. एका दुपारी ते फडताळासमोर लोणच्याची बरणी उघडून उभे असलेले सिंधुबाईंना दिसले. नाक बरणीत होतं.

"काय करून राहिलाव?"

"जेवून राहिलो," किशनराव म्हणाले.

वजन उतरू लागलं तसं गाव कुजबुजू लागलं. सदरा हँगरवर टांगल्यासारखा दिसायला लागला. लोक शहाळी घेऊन भेटायला येऊ लागले. त्यांचा बालमित्र सटवाजी तर येऊन हात धरूनच बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी.

"किशन, खरं सांग. किती दिवस दिलेत डॉक्टरनं?"

"आरं, मुतखडा होता मला!"

"माझ्या चुलत्याला बी मुतखडाच म्हनले होते." सटवाजीनं उपरण्यानं डोळे पुसले. "आता मी काय बोलू? जाता जाता माझ्या धाकटीचं तेवढं बघून जा बाबा."

आपण जिवंत आणि ठणठणीत आहोत हे दाखवायचं तर पुन्हा सोयरिकीच्या कामाला लागणं भाग होतं. उमरीच्या सुदामरावांची मुलगी आरती नांदेडला दवाखान्यात नर्स होती. तिच्यासाठी किशनरावांनी लातूरच्या व्यंकटरावांचा मुलगा सत्यम सुचवला. सत्यम डाळमिलमध्ये हिशोब बघायचा. रविवारी भाड्याच्या क्रूझर जीपमधून मंडळी उमरीला पोचली.

पोहे आले, सोबत कांदाभजी. सगळ्या घराचे डोळे किशनरावांच्या प्लेटवर. त्यांनी चमच्याच्या टोकावर पाच-सहा पोहे घेतले, तोंडात टाकले आणि चावू लागले.

"कसे झालेत पोहे?" सुदामरावांनी विचारलं.

किशनरावांनी मान हलवली आणि चावत राहिले.

व्यंकटराव मुलाचे वडील, त्यामुळे त्या दिवशी जरा ताठ बसले होते. घसा खाकरून ते म्हणाले, "तसं आमचं मागनं काईच न्हाई. फकस्त लग्न लातूरला, मोठ्या कार्यालयात करा. आन् पोराला एक बुलेट. लोकं विचारतेत हो, बाकी काई न्हाई."

पूर्वीचे किशनराव इथं लगेच मध्ये पडले असते. पण तोंडात घास होता, आणि तो पूर्ण बारीक झाल्याशिवाय बोलायची सोय नव्हती. ते पंख्याकडं बघत चावत राहिले. खोलीत फक्त पंख्याचा आणि त्यांच्या दातांचा आवाज.

व्यंकटराव चुळबुळले. "म्हंजे बुलेटच पायजे असं न्हाई. साधी गाडी बी चालंल."

किशनरावांनी पुढचा चमचा घेतला.

"तशी जुनी गाडी हाय म्हना त्याच्याकडं. चांगली चालती. चालती का न्हाई रं सत्यम?"

"चालती," सत्यम म्हणाला.

किशनराव चावत होते. कपाळावर आठी होती, कारण एक शेंगदाणा दाताखालून सारखा निसटत होता. ती आठी व्यंकटरावांना सहन होईना.

"आन् लग्न काय, उमरीला बी झकास होईल! मुलीचं गाव हाय. तिच्या दारातच शोभतंय."

एक शब्द न बोलता बुलेट गेली आणि कार्यालयही गेलं. हे ध्यानात येताच किशनरावांना असा हर्ष झाला की आपल्याला पट्टी आहे हेच ते विसरले. जुन्या सवयीनं त्यांनी एक भजं उचललं, दोनदा चावलं, गिळलं आणि म्हणाले, "झालं तर मग!"

म्हणजे म्हणायला गेले. 'झालं' बाहेर आलं, बाकीचं भज्यासकट छातीत अडकलं.

त्यांचे डोळे मोठे झाले. रुमाल तोंडाला लावून ते उठले आणि कुणाकडं न बघता स्वयंपाकघरातून थेट मागच्या परसात गेले.

आत हाहाकार उडाला. "उठले गं माय!" आरतीची आत्या राजकन्या ओरडली. पोहे तिनंच केले होते. "'झालं' म्हनले आन् उठले! मोडली सोयरीक! मीठ बरोबर होतं, मी दोनदा बघितलं!" आरतीच्या आईनं पदर तोंडाला लावला. आरतीनं चहाचा ट्रे ओट्यावर ठेवला आणि नेसत्या पैठणीनिशी ती परसात गेली.

किशनराव पेरूच्या झाडाला धरून वाकले होते. रांजणावरच्या तांब्याकडं त्यांचा हात चालला होता.

"पानी न्हाई प्यायचं!" आरतीनं तांब्या उचलला. "सरळ उभं ऱ्हावा काका. खांदे सैल सोडा. हळूहळू चाला." मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "पट्टी हाय ना?"

किशनरावांनी जोरात मान नकारार्थी हलवली.

"मी एक वर्ष हैदराबादला असल्याच ऑपरेशनच्या वार्डात होते. असा रुमाल लावून येरझाऱ्या घालनारे लई बघितलेत."

पेरूला दोन वेढे झाले. तिसऱ्याला भजं आलं तसं परत बाहेर गेलं. एक कोंबडी कुठूनशी धावत आली आणि ते घेऊन पसार झाली. किशनराव भिंतीला टेकले.

"बाई, कुनाला सांगू नको. तुझ्या पाया पडतो."

"न्हाई सांगनार," आरती म्हणाली. "पन एक करा. पोरगा कसा हाय ते खरं खरं सांगा."

किशनरावांनी वीस वर्षं प्रत्येक दारात म्हटलेलं वाक्य सुरू केलं. "पोरगा म्हंजे नुसतं सोनं..."

"काका."

किशनरावांनी तांब्याकडं पाहिलं, आरतीकडं पाहिलं. "घोरतो," ते म्हणाले. "आईला विचारल्याबिगर शर्ट घेत न्हाई. आन् कोंबडीला भितो."

"कोंबडीला?"

"लहानपनी टोचली होती म्हनं." पुढचं बोलायला त्यांना आठवावं लागलं, कारण कुणाबद्दल खरं सांगायची त्यांना सवय नव्हती. "पन मिलमधल्या हमालांना अहो-जाहो करतो. मागं त्याची आई दवाखान्यात होती, तवा घरचा सैपाक ह्यानंच केला. मी जेवलोय त्याच्या हातचं. वरण लई पातळ करतो, पन करतो."

आरती हसली. "मग चालंल की."

दोघं हसत आत आले. आरतीनं सगळ्यांसमोर सांगितलं, "मला पसंत हाय." व्यंकटरावांना वाटलं, किशनरावांनी पोरीची परसात परीक्षा घेतली. सुदामरावांना वाटलं, किशनरावांनी रागानं उठून बुलेट कायमची घालवली. राजकन्या आत्याला वाटलं, आपल्या पोह्यांमुळं जमलं. किशनरावांनी कुणालाच दुरुस्त केलं नाही.

ही गोष्ट लातूरपासून उमरीपर्यंत पसरली. 'किशनराव आता बोलत न्हाईत, नुसते चावतेत आन् समोरचा ढिला पडतो.' मुलींच्या बापांचे फोन येऊ लागले, "काका, आमच्याकडं बी चावायला येतांव का?" किशनराव जात होते. चार चमचे पोहे, अर्धा तास. मोटरसायकली, फ्रीज, सोफासेट वाटेतच गळून पडत. दुकानाच्या पायऱ्याही आता ते न थांबता चढत. पण मानपान एवढा वाढला आणि ताटातलं सगळं ताटातच, याची चुटपुट काही जात नव्हती.

पेच पडला तो आरतीच्या लग्नात. मराठवाड्यात आग्रह चुकवणं कुणाला जमलंय? किशनराव घरून वरण पिऊन निघाले होते. अक्षता पडल्याबरोबर ते मांडवामागं क्रूझरमध्ये जाऊन लपले. तिथून त्यांना हाताला धरून आणून नवरा-नवरीच्या शेजारच्या पाटावर बसवण्यात आलं. व्यंकटराव स्वतः जिलब्यांचं ताट घेऊन समोर उभे राहिले. मागं वाजंत्री.

"तुमच्यामुळं ही सून मिळाली. आज माझ्या हातनं खायच्या. पाच!"

"डॉक्टरनं गोड बंद केलंय."

"लग्नात डॉक्टर नसतो!"

"एक... अर्धी..."

"अर्धी? लोकं म्हनतील, व्यंकटरावानं अर्धी जिलबी चारली!" एका पाहुण्यानं किशनरावांचा खांदा धरला, दुसऱ्यानं हनुवटी. जिलबी ओठांना लागली. सिंधुबाई बायकांच्या पंगतीतून उठल्या, पण मध्ये तीन रांगा होत्या.

त्याच वेळी कुणीतरी ओरडलं, "नवरीचं नाव झालं न्हाई! आधी नाव घ्या, मग घास!" वाजंत्री थांबली. आरती उभी राहिली. तिनं एकदा जिलबीकडं, एकदा किशनरावांकडं पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"किशनकाकांच्या पोटात डॉक्टरनं बसवली पट्टी,
जिलबी चारली त्यांना कुनी, तर सत्यमरावांशी माझी कट्टी!"

वाढप्याचा मठ्ठा द्रोणातून वाहून पत्रावळीवर गेला.

"कसली पट्टी?" व्यंकटरावांनी विचारलं.

आता लपवायला काही उरलं नव्हतं. किशनरावांनी जिलबी बाजूला केली आणि बसल्या जागेवरून सगळं सांगितलं. गुडघे, हैदराबाद, मुगाचं पाणी, बटन, चावणं, भजं. व्यंकटराव ऐकत होते. हळूहळू त्यांचा चेहरा बदलत गेला.

"थांबा. म्हंजे त्या दिशी तुमी माझ्यावर नाराज नव्हतांव?"

"न्हाई हो. शेंगदाना सापडत नव्हता."

"म्हंजे माझी बुलेट तुमच्या पट्टीनं खाल्ली?"

आधी सत्यम हसला. मग आरती, मग पहिली पंगत, आणि शेवटी ताट खाली ठेवून व्यंकटरावही. किशनरावांनी वाईट वाटून घ्यायची तयारी केली होती, पण तेवढी सवड कुणी दिलीच नाही. लोक उठून भोवती जमले. बटन कुठं आहे, हात लावून बघू का, विमानतळावर वाजतं का, उपासाला चालतं का? राजकन्या आत्यानं तर सदऱ्यावरूनच बोट दाबून पाहिलं आणि "माय! हाय की खरंच!" म्हणून मागं सरकली. मग तिनंच आतून मऊ वरण-भाताची वाटी आणली. किशनराव त्या गर्दीत बसून, कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा, कुणापासून न लपवता निवांत चावत जेवले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तोच फोन वाजला. देगलूरहून शरणम्मा नावाच्या बाई बोलत होत्या.

"पट्टीवाले किशनराव तुमीच का? माझ्या अश्वजितसाठी विचारायचं होतं. लई जाड झालाय पोरगा."

किशनरावांनी सगळं नीट सांगितलं. दुखतं किती, खायचं काय, आणि पोटापेक्षा मनाला समजायला जास्त वेळ लागतो तेही. मग त्यांना राहवलं नाही.

"पोराचं लग्न झालंय?"

"कुठलं हो! त्याच्यामुळंच तर पट्टी बघून राहिले."

"मग आधी काय बघायचं? पट्टी का पोरगी?"

पलीकडं शरणम्मांनी बराच विचार केला.

"जे आधी जमंल ते बघा," त्या म्हणाल्या.